घरी आणि घरात

परवा सकाळी भाजी घेऊन परत येत होतो, तर एक मुलगी सायकलवरून उडी मारून उतरली आणि थेट माझ्यासमोर उभी राहिली. आमच्याच शाळेची, दहावीची.

"सर, ‘डाय’च्या पुढे ‘ऑफ’ की ‘फ्रॉम’?"

भर बाजारात, कोथिंबिरीच्या जुड्यांच्या मधोमध मरणाची चौकशी. मी म्हटलं, "आजारानं गेला असेल तर ऑफ."

"आणि जखमेनं?"

"बहुतेक फ्रॉम."

"बहुतेक?" तिचा चेहरा पडला. परीक्षेत ‘बहुतेक’ला मार्क नसतात. ती ‘ऑफ आजार, फ्रॉम जखम’ असं पुटपुटत निघून गेली आणि मी पिशवी या हातातून त्या हातात घेत तिथेच थोडा वेळ उभा राहिलो. आपला हंगाम आला, हे मला अशा वेळी कळतं.

मोहोराचा उग्र, किंचित तुरट वास वर्गाच्या खिडक्यांतून आत येऊ लागतो. सावित्री नदीचं पाणी हटून मधले खडक उघडे पडतात आणि त्यांच्यावर दुपारभर गोधड्या वाळत असतात. महामार्गाकडच्या झाडांची पानं धुळीनं इतकी जड होतात, की वारा आला तरी हलायचं टाळतात. शाळेत बाकांवर बैठक क्रमांकाचे कागद चिकटतात. ज्या बाकावर वर्षभर एकच पोरगा लोळत असतो, तो बाक अचानक कुणा परक्याचा होतो. वर्षानुवर्षं हे असंच चाललंय. मी महाडच्या एका हायस्कुलात इंग्रजी शिकवतो आणि संध्याकाळी घरी दहावीच्या मुलांना बसवतो. निवृत्तीला फार दिवस राहिलेले नाहीत.

दोन वर्षांपूर्वी याच दिवसांत माझी बायको इंग्रजी शिकली. आता हे दिवस आले, की मला तेवढंच आठवतं.

सुजाता पोलादपूरच्या वरची. आंबेनळीच्या वाटेवर डावीकडे खाली उतरलं की तिची वाडी. सातवीनंतर शाळा सुटली, कारण पुढची शाळा लांब आणि मधला ओढा पावसाळ्यात कुणाचं ऐकत नसे. लग्न होऊन महाडला आली. इंग्रजीच्या मास्तरची बायको म्हणून आयुष्य काढलं, पण माझ्या विषयाकडे तिनं कधी ढुंकून पाहिलं नाही. "तुमचं तुमच्यापाशी," म्हणायची. मुलगा निखिल इथल्याच औद्योगिक वसाहतीत उमेदवारी करून हैदराबादला एका औषध कंपनीत लागला. तिथल्याच प्रयोगशाळेत काम करणारी शीजा त्याला भेटली. केरळची मुलगी. लग्न झालं. पोर गुणी, पण मराठी नाही आणि हिंदी जेमतेम. सासू-सुनांचं फोनवरचं बोलणं म्हणजे ‘जेवलीस का’, ‘खाना खाया’, आणि मग दोघींचं हसणं. तेवढ्यावर दोघींचं बरं चाललं होतं.

मग त्या जानेवारीत एके दुपारी शीजाचा फोन आला. निखिल कामावर, मी शाळेत. शीजाला दिवस गेले होते, हे आम्हाला माहीत होतं. त्या दिवशी डॉक्टरांनी तिला अंथरुणातून उठायचं नाही असं सांगितलं होतं, आणि ती घाबरून रडत होती. सुरुवातीला हिंदीत बोलली, मग हिंदी संपली आणि ती इंग्रजीत बोलत राहिली. मी घरी आलो तेव्हा सुजाता फोन मांडीवर ठेवून बसली होती.

"पोर रडत होती," ती म्हणाली. "काय झालं म्हणून ते मला कळंना. नुसतं ‘मम्मी, मम्मी’ तेवढं समजलं. तिला स्वतःची आय नाय. मला फोन केलान, आणि मी काय? हां हां करत बसले."

मी लगेच फोन लावला, सगळं समजून घेतलं, धीर दिला. पोटातलं बाळ ठीक आहे, फक्त विश्रांती हवी, हेही सुजाताला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. चहा केला. कप माझ्यासमोर ठेवला आणि हात न काढता म्हणाली, "मला शिकवा."

"काय?"

"तुमचं ते."

त्या संध्याकाळपासून मुलं ओटीवर सतरंजीवर बसली, की ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात तांदूळ निवडायला बसे. परीक्षेच्या तोंडावर मी शब्दयोगी अव्ययांची उजळणी घेतो. रिकाम्या जागा भरा. इन, ऑन, ॲट, फॉर, सिन्स, बाय, विथ. चिमुकले शब्द, पण मुलांचे सगळ्यात जास्त मार्क तेच खातात. मोठ्या शब्दाचा अर्थ शब्दकोशात सापडतो. या पिल्लांचा सापडत नाही. आपल्याकडे असा शब्द मागून येऊन नामाला चिकटतो आणि चिकटताना त्यालाही जरासा वाकवतो. घोडा, घोड्यावर. ओढा, ओढ्यापाशी. इंग्रजीत तो पुढे उभा राहतो. एकटा, कुणाला न शिवता.

सुजाताला पाठांतर जमत नव्हतं. ती प्रश्न विचारायची.

"कारमध्ये बसलं की ‘इन’, आणि एश्टीत बसलं की ‘ऑन’? एश्टीच्या काय टपावर बसतो आपण?"

मी नेहमीचं सांगितलं. ज्या वाहनात उभं राहता येतं, चालता येतं, त्याला ऑन. ज्यात वाकून शिरून बसावंच लागतं, त्याला इन.

"मग मिनीडोअर?" पोलादपूरकडे जाणाऱ्या त्या सहा आसनी रिक्षा तिच्या डोळ्यासमोर होत्या. "आत बसलेले इन. आणि मागं दांडीला धरून लोंबकळतात ते?"

मुलं सतरंजीवर आडवी होऊन हसली. मीही हसलो. उत्तर मला आजही माहीत नाही.

‘ॲट होम’ आणि ‘इन द हाउस’वर ती बराच वेळ अडली. मी म्हटलं, आपल्याकडेही आहेच की. घरी आणि घरात. तिनं ताटातला खडा बाजूला टाकला. "म्हणजे आत असलं तर घरात," ती सावकाश म्हणाली. "आणि घरी म्हणजे... आत नसलं तरी चालतं. ओट्यावर असलं, परसात असलं, तरी घरीच." एवढी स्वच्छ व्याख्या मी कुठल्या पुस्तकात वाचली नव्हती, पण तसं तिला म्हटलं नाही. पुढचं वाक्य दिलं.

‘मॅरिड टू’ची गंमत आणखी वेगळी. लग्नानंतर शीजा इथं आली होती, तेव्हा फोनवर कुणाला तरी सांगताना तिनं ऐकलं होतं, ‘आय ॲम मॅरिड टू निखिल.’

"लग्न ‘शी’ करतात ना? मग ‘विथ’ पायजे."

"नाही. टूच."

"टू म्हणजे ला. निखिलला लग्न?"

"टू म्हणजे कडे पण होतं."

ती विचारात पडली. मग मान हलवली. "कडे. लग्न करून त्याच्याकडं जायाचं. मग बरोबर हाय."

फेब्रुवारीच्या शेवटी एका रविवारी आम्ही तिच्या माहेरी गेलो, शीजासाठी घरची नाचणी आणायला. पोलादपूरहून पुढे गाडी वळणं घेत होती आणि सुजाता खिडकीला कपाळ टेकवून ओठांत काहीतरी जुळवत होती. पळस पेटले होते. खालच्या शेतांतून वालाच्या शेंगा तोडणाऱ्या बायका, वर भाताच्या रोपांसाठी भाजलेल्या राबांचे काळे चौकोन. वाडी दिसायला लागली तशी ती बोट दाखवून हळूच म्हणाली, "माय व्हिलेज इज अंडर द हिल."

"ॲट द फूट ऑफ द हिल," मी म्हटलं. "अंडर म्हणजे डोंगराच्या खाली, डोंगर वर अंगावर असल्यासारखं. आपली वाडी पायथ्याशी आहे."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "तळीयेवर दरड आली तेव्हापासून पावसात इथं कुणी डोळ्याला डोळा लावत नाय. रात्रीचं पळायला लागलं तर म्हणून वहिनी गाठोडं बांधून ठेवते. अंडरच."

तसं व्याकरणानं मी बरोबर होतो. वहिनीनं नाचणी दिली, थोडं तूप दिलं, आणि सुजाता डोंगराकडे पाठ करून अंगणात बसून राहिली.

मार्चमध्ये चवदार तळ्याच्या दिवशी आमच्या गल्लीला पाय ठेवायला जागा नसते. कुठून कुठून माणसं येतात. नागपूर, परभणी, थेट आंध्र, कर्नाटक. आमचं दार उघडं असतं. ओट्यावर दोन माठ, आत सतरंज्या, ज्याला टेकायचं त्यानं टेकावं. माझ्या वडलांच्या वेळेपासून हे आहे. त्या वर्षी दुपारी दोन बायका आल्या. एक म्हातारी, तिचे तळवे उन्हानं भाजलेले, आणि तिची मुलगी. तेलुगू सोडून म्हातारीला काही येत नव्हतं. मुलीला तोडकं इंग्रजी येत होतं. मी आतून पाण्याची कळशी घेऊन येत होतो, तर सुजाताचा आवाज ऐकू आला.

"सिट, मदर. सिट ऑन द चेअर." मग जरा थांबून, स्वतःशीच, "इन द चेअर?"

तिनं दाराकडे पाहिलं. मी दारामागे थांबलो. दोन्ही चालतात, पण ते सांगायला बाहेर गेलो नाही.

ती म्हातारीच्या पायांवर पाणी घालत होती आणि बोलत होती. चुकत होती, मागे येत होती, पुन्हा शब्द उचलत होती. त्या मुलीनं विचारलं, सिस्टर, आमच्याकडे कधी येणार? आणि सुजाता म्हणाली, एकदाही न अडता म्हणाली, "आय ॲम गोइंग टू हैदराबाद. माय डॉटर इज देअर."

कळशी माझ्या हातात होती. गल्लीत घोषणा चालल्या होत्या, कुणाचं तरी पोर रडत होतं, आणि मला एवढंच कळलं, की हे मला माहीत नव्हतं. माझ्या घरातली बातमी मी एका परक्या बाईबरोबर, इंग्रजीत ऐकली.

संध्याकाळी गर्दी ओसरली. ती सतरंज्या झटकत होती. मी विचारलं, "तू जाणार आहेस?"

"‘डॉटर-इन-लॉ’ बोलायचं होतं," ती घाईनं म्हणाली. "जीभ वळंना. आणि ते ‘इन लॉ’ म्हणजे काय हो? कशाच्या इन?"

"कायद्याच्या."

"मग सोडलं तेच बरं. कायदा कशाला मध्ये?"

"सुजाता, मी ते विचारलं नाही."

तिनं सतरंजीचं टोक माझ्या हातात दिलं, घडी घालायला. दोन टोकं तिच्याकडे, दोन माझ्याकडे. "तिला आय नाय हो," ती म्हणाली. "मी जाऊ का?"

मी घडी घालत तिच्याजवळ गेलो, तिची टोकं माझ्या हातात घेतली. "जा," म्हटलं. दुसरं काय म्हणणार होतो?

पेपर संपले तसा निखिल तिला न्यायला आला. महाडच्या स्टॅंडवर पुण्याची गाडी लागली होती. नाचणीचं पीठ, तूप, डिंक, अळीव, असं सगळं तिनं पायाशी ठेवलं. गाडी सुरू झाली तेव्हा खिडकीतून डोकं काढून ती ओरडली, "आय ॲम ऑन द बस!" शेजारच्या सीटवरचे लोक हसले. ती मात्र शाबासकीची वाट बघत माझ्याकडे पाहत होती. मी हात वर केला. तीन महिन्यांत येते म्हणाली होती.

जूनमध्ये मुलगी झाली. सगळं नीट पार पडलं. शीजाची रजा संपली, ती कामावर जायला लागली, आणि मग लहान बाळाला कोण बघणार? तीन महिन्यांचे सहा झाले आणि पुढे मी मोजायचं सोडलं. यात कुणाचंच काही चुकलं नाही. मी अनेकदा उलटसुलट विचार करून पाहिला, कुणावर तरी रागवता आलं तर बरं म्हणून. कुणी सापडलं नाही.

दिवाळीच्या सुटीत मी हैदराबादला गेलो. नातीनं माझ्याकडे पाहून भोकाड पसरलं, ते साहजिक होतं. पण खरा परका मी वेगळ्याच कारणानं झालो. त्या इमारतीत तमिळ, तेलुगू, बंगाली, सगळ्या भाषांच्या बायका, आणि त्यांच्यात सुजाता. "कम टू इनसाइड, डिअर. सिट, सिट. टी ऑर कॉफी?" दर वाक्यात एक चूक, आणि एकही वाक्य थांबत नव्हतं. ‘कम टू इनसाइड’ला माझी जीभ वळवळली, ती मी आवरली. समोरच्या दारातली बंगाली बाई तिच्या गळ्यात हात टाकून हसत होती. शीजा कामावरून आली, की चपला काढायच्या आधी ‘मम्मी’ म्हणून दिवसभराचं सगळं सांगत सुटायची, आणि सुजाता मध्येच "देन? देन?" करत ऐकायची. आयुष्यभर मी इंग्रजी शिकवलं, पण इंग्रजीत मला कुणी असं काही सांगितलेलं नाही. माझं इंग्रजी फळ्यावरचं. तिच्या इंग्रजीला कुकरची शिटी येत होती.

"राहा की अजून," सगळे म्हणाले. मनापासून म्हणाले. पण ओला टॉवेल कुठल्या दोरीवर टाकायचा, हे मला रोज विचारावं लागत होतं. शाळा उघडायच्या आधी मी परत आलो.

इथं आता माझं बरं चाललेलं असतं. भात-आमटी जमते. वाल सोलायला वेळ लागतो, पण वेळ आहेच. एक गोष्ट मात्र अशी होईल असं वाटलं नव्हतं. या घरात आता ठेवलेली वस्तू ठेवलेल्या जागी सापडते. चष्मा टेबलावर, तर टेबलावरच. कात्री फडताळात, तर फडताळातच. पूर्वी रोज सकाळी मी ओरडायचो, माझं पेन कुणी हलवलं? आता कुणी काही हलवत नाही. संध्याकाळी मुलं येतात तेव्हा मी ओटीवर असतो, घरात असतो. घरी आहे का, ते मला सांगता येत नाही.

गेल्या आठवड्यात ‘फॉर’ आणि ‘सिन्स’ घेतलं. किती काळ, ते सांगायचं तर फॉर. कधीपासून, ते सांगायचं तर सिन्स. फॉरमध्ये नुसती लांबी असते, सिन्सला सुरुवात लागते. आणि दोन्हीकडे क्रियापद असं वापरा, की गोष्ट अजून चालू आहे हे कळेल. मुलांना उदाहरण हवं होतं. माझ्या तोंडात एक वाक्य आलं, ते मी गिळलं आणि पुस्तकातलं फळ्यावर लिहिलं. कुणीतरी कुठल्यातरी गावात अमुक सालापासून राहतो आहे.

काल मुलं गेली आणि मी सतरंजी गुंडाळत होतो. एकट्यानं घडी नीट बसत नाही, म्हणून आता गुंडाळतो. तेवढ्यात सुजाताचा फोन आला.

"गेली का पोरं?"

"आत्ताच."

"मोहोर कसा हाय औंदा?"

"दाट आहे. तुझ्या वाडीकडंही धरलाय म्हणतात."

मागे नात काहीतरी आपटत होती आणि शीजा तिला मल्याळममध्ये दटावत होती. सुजातानं आवाज खाली आणला.

"एक विचारायचं होतं. ‘मिस’च्या पुढं काय लागतं हो? ‘टू’ का ‘फॉर’?"

"मिस म्हणजे? गाडी चुकते ते?"

"ते नाय. आठवण येते ते. समोरच्या बाईनं विचारलान, गावाकडलं काय मिस करतेस म्हणून. मी बोलले काहीतरी, पण मग वाटलं, मधला शब्द राहिला की काय."

मी सतरंजी खाली ठेवली. "काही लागत नाही," मी म्हटलं. "मिस, आणि पुढं लगेच ती वस्तू. किंवा माणूस. मध्ये काहीच नाही."

पलीकडे नातीचं आपटणं थांबलं होतं.

"म्हणजे बरोबर बोलले मी," ती म्हणाली.